चंद्रावर पाणी मागायला आलेला माणूस

माझा त्या पुस्तकावर अजून राग आहे. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी राग काही गेला नाही. घरातले म्हणतात, अगं कादंबरी ती, कुणीतरी बसून रचलेली, तिच्यातल्या माणसावर एवढं काय चिडायचं? का नाही चिडायचं? ज्या पुस्तकावर चिडता येत नाही, ते मी अर्ध्यातच ठेवून देते.

साताऱ्याच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक होतं ते. पुठ्ठा गेलेला, पुढची पानं गेलेली, त्यामुळं लिहिणारा कोण ते मला आजतागायत माहीत नाही. इंग्रजीवरून कुणीतरी मराठीत आणलेलं असावं, कारण त्यातली माणसं बोलायला लागली की सरकारी पत्र वाचल्यासारखं वाटायचं. गोष्ट साधी होती. एक माणूस चंद्रावर अडकलाय. बरोबरचे मेलेत, यान मोडलंय, आणि पृथ्वीवरून दुसरं यान यायला बरेच दिवस लागणार आहेत. मग तो माणूस त्या मोडक्या यानात बसून गणितं करतो. पाणी किती उरलंय, ते विजेनं फोडून प्राणवायू किती निघेल, यंत्रं तापली की त्यांना गार करायला किती पाणी वाफ करून बाहेर सोडावं लागेल. पानंच्या पानं नुसती गणितं. माझ्या आधीच्या कुणा वाचकानं अशा एका पानावर पेन्सिलीनं 'कंटाळवाणे' असं लिहून ठेवलं होतं. मी त्या शब्दावर ठळक रेघ मारली.

मला त्या गणितांनी खुळं केलं. शाळेच्या गणितात हौद एका नळानं भरायचा आणि दुसऱ्या नळानं रिकामा व्हायचा. एवढा खटाटोप, पण त्या हौदातलं पाणी कधी कुणी प्यायचं नाही. इथं हातचा एक विसरला तर माणूस मरणार होता. गणित असं जिवाशी असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी ठरवून टाकलं की हे असलं जिथं शिकवतात तिथं जायचं, म्हणजे कॉलेजात सायन्सला जायचं.

ते दुष्काळाचं साल होतं आणि मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिली होती. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून पेन्शनीत आलेले आणि साताऱ्यात एका कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला होते. आम्ही दोघं तिथं भाड्याच्या खोलीत राहायचो. आई वडूजच्या पलीकडं आमच्या गावी, चार मेंढरं आणि कोरडं रान सांभाळत होती. आबांच्या मनात माझं डी.एड. पक्कं होतं. "सायन्सला लय डोकं लागतं," ते म्हणायचे. "मधीच सोडलंस तर ना घर की ना घाट की. मास्तरीण हो, सुखात ऱ्हाशील." मी म्हणायचे, मला सुखात नाही राहायचं. ते म्हणायचे, आईवर गेलीयास. सुट्टी लागल्यावर मला त्यांनी गावी धाडलं, आणि ते पुस्तक मी पिशवीत तळाशी घालून नेलं.

गावात त्या उन्हाळ्यात पाण्याचं जे चाललं होतं ते बघून चंद्रावरच्या माणसाचं मला फारसं नवल वाटेना. आमच्याकडं अंघोळ घमेल्यात उभं राहून करायची. तेच पाणी कपड्यांना, कपड्यांचं उरलेलं दारातल्या लिंबाच्या बुडाला. तांदूळ धुतलेलं पाणी मेंढरांना. पाणी एकदाच वापरून टाकून देणं म्हणजे उष्टं टाकण्याइतकं वाईट. तरीसुद्धा दारात माणूस उभा राहिला की आधी पाणी द्यायचं आणि मग विचारायचं, कुठनं आलासा. पाणी द्यायच्या आधी गाव विचारलं तर तो त्या माणसाचा अपमान. त्या साली आई तांब्याच्या जागी वाटी द्यायची, पण द्यायची.

आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मीही गेले. दुपारी बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बायका भाकरी सोडायच्या आणि मी त्यांना पुस्तक वाचून दाखवायचे. गणितं गाळून वाचू का, असं मी पहिल्या दिवशी विचारलं. एक म्हातारी म्हणाली, "गाळू नगंस. त्याला पाणी किती ऱ्हायलंय ती तर ऐकायचंय." त्या बायकांना प्राणवायू वगैरे ठाऊक नव्हतं, पण घोट म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. यंत्रं गार करायला तो पाणी वाफ करून बाहेर सोडतो हे ऐकल्यावर तर त्यांनी त्याला शिव्याच घातल्या. "यंत्राला पाणी पाजतुया मुडदा, आन सवता तान्हेला बसतुया." रोज कामावर गेलं की पहिला प्रश्न, काय गं, चंद्रावरचा हाय का गेला?

मग ते प्रकरण आलं. दुसऱ्या कुठल्या देशाचं यान तिकडं पडलेलं असतं, त्यातला एकजण जिवंत राहतो आणि चालत चालत ह्याच्या दारापर्यंत येतो. त्याची हवा संपत आलेली. तो दार ठोठावतो. आतला माणूस काय करतो, तर कागद घेतो आणि गणित मांडतो. एकाला पुरेल, दोघांना पुरणार नाही. गणित दोनदा तपासतो, आणि दार उघडत नाही. थोड्या वेळानं ठोठावणं थांबतं. आणि पुढच्या पानावर लेखक त्या माणसाचं कौतुक करतो, की संकटात डोकं कसं थंड ठेवावं ते ह्याच्याकडून शिकावं.

 ह्या वेळी बायकांपैकी कुणी शिव्यासुद्धा घातल्या नाहीत. आई हातोडी उचलत म्हणाली, "दाराआडनं एवढंबी न्हाई इचारलं त्यानं, कुठनं आलास म्हणून?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ते पुस्तक खडीच्या ढिगावर भिरकावलं. मग वाचनालयाचं आहे हे आठवलं, म्हणून जाऊन उचलून आणलं. पाया पडले नाही, एवढंच.

पण नुसतं भिरकावून राग जाईना. त्यानं गणित मांडून माणूस मारला होता, तर आता मी गणित मांडूनच तो जगवणार, असं मी मनाशी धरलं. पुस्तकात सगळे आकडे होतेच. दोन दिवस मी दुपारची भाकरी बाजूला ठेवून मातीत काडीनं आकडेमोड करत बसले. सगळ्यात जास्त पाणी जात होतं ते यंत्रं गार करण्यात. ते बाहेर सोडायचंच कशाला? आमच्या घरी माठाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं असायचं, वैशाखातसुद्धा पाणी दात शिवशिवतील असं गार. तसं यंत्राला ओलं कापड गुंडाळायचं, पाणी घरातल्या घरात. वाचलेलं पाणी मी दोघांत वाटलं आणि ते पुरलं. ओढून ताणून, पण पुरलं. आईनं विचारलं, काय हसतीयास एकटीच? मी म्हणाले, दुसरा जगला.

निकाल लागला, मार्क चांगले पडले, आणि मी साताऱ्याला आले ती भांडणाची तयारी करूनच. आबांनी भांडण होऊच दिलं नाही. वाचनालयात वाचकांची सभा होती. कुणीही उठून आवडलेल्या पुस्तकावर बोलावं अशी ती सभा, आणि अध्यक्ष म्हणून कॉलेजातले फिजिक्सचे प्राध्यापक येणार होते. आबा म्हणाले, "त्यास्नी सभेत तुझं डोकं दाव. ते म्हणाले पोरीला झेपंल, तर सायन्स. न्हाई म्हणाले, तर गुमान डी.एड. कबूल?" आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. फौजेत असताना कुणाला शब्द देऊन मोडला असं एकदाही झालं नाही, हे ते आम्हाला जेवताना, झोपताना, एस.टी.त बसताना सांगायचे. तेव्हा त्यांनी आपण होऊन शब्द दिला हे माझ्या पथ्यावरच पडलं. मी हुरळून कबूल म्हणाले. आबा आदल्या दिवशी स्वतः जाऊन प्राध्यापकांना हे सगळं सांगूनही आले.

सभेत माझ्या आधी दोघं बोलले, दोघंही ऐतिहासिक कादंबऱ्यांवर, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. मग मी उभी राहिले आणि म्हणाले की मी आवडलेल्या पुस्तकावर बोलणार नाही, न आवडलेल्या पुस्तकावर बोलणार आहे. मागं भिंतीशी इस्त्रीचा सदरा घालून आबा ताठ उभे होते. मी गोष्ट सांगितली, त्या माणसाचं गणित सांगितलं, आणि मग माझं सांगितलं. गोणपाटापर्यंत आले तेव्हा प्राध्यापक हसायला लागले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

"बाळ, तुमचा माठ कुठं ठेवलेला असतो?" त्यांनी विचारलं.

"पडवीत."

"पडवीला वारा असतो?"

"लय असतो."

"आणि त्या यानाला खिडकी होती?"

मला कळलं, पण उशिरा कळलं. ओलं कापड गार होतं ते वारा त्यातली वाफ उचलून नेतो म्हणून. बंद डब्यात वाफ जाणार कुठं? हवा भरून जाईल, कापड सुकणार नाही आणि काही गार व्हायचं नाही. आमच्या माळावर पाण्याचा दुष्काळ नेहमीचा, वाऱ्याचा दुष्काळ कुणी बापजन्मी बघितलेला नाही. वारा नसलेलं घर असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सभेत हशा पिकला. मी सपशेल तोंडावर आपटले होते. आबांकडं बघायची हिंमत झाली नाही.

पण बसायची माझी तयारी नव्हती. बसले की डी.एड.

"मग ती वाफ धरायची," मी म्हणाले.

"कशानं?"

"बाहेर चंद्रावर रात्र हाय. पंधरवडाभर रात्र. बाहेरचा पत्रा बर्फागत गार असणार. आतली वाफ त्या पत्र्यावर येऊ द्यायची. झाकणाला पाणी सुटतं तसं सुटंल. ते पुसून घ्यायचं आन पुन्हा कापडावर घालायचं."

ते हसायचे थांबले. बोटानं टेबलावर काहीतरी आखल्यासारखं केलं. म्हणाले, "हं. होईल तसं. उष्णता पत्र्यातून बाहेर जाईल, पाणी आत राहील." मला वाटलं, जिंकले. पण ते पुढं म्हणाले, "पण बाळ, तुझ्या लक्षात येतंय का तू काय करतेस? दुसऱ्याला आत घ्यायचं हे तू आधी ठरवलंस आणि मग त्याला पुरेल असं गणित जुळवत बसलीस. एक मोडलं की दुसरं. उत्तर आधी ठरवून विज्ञान होत नाही."

"त्यानंबी आधीच ठरवलं होतं," मी म्हणाले. "दार उघडायचं न्हाई, हे. म्हणून त्याला पत्रा सुचला न्हाई."

आता सभा माझ्या बाजूनं हसली. प्राध्यापकांच्या नाकाला मिरची झोंबली असावी, कारण त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, "दार उघडावं, पाणी द्यावं, हे बोलायला फार सोपं असतं. तुमच्या गावात देतात का सगळ्यांना पाणी? विहिरीवर येऊ देतात सगळ्यांना?"

मागच्या बाजूला आमच्याच गावाकडची दोन-चार मंडळी बसलेली होती, आबांच्या ओळखीची. माझ्या डोळ्यांपुढं आमची विहीर आली. टँकर यायचा आणि विहिरीत पाणी सोडायचा. मग सगळ्या बायका ओढायच्या. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया मात्र बाजूला रिकामी भांडी घेऊन उभ्या, कुणीतरी वरून ओतेल म्हणून वाट बघत. दुष्काळातही ते बदललं नव्हतं. मीही माझी घागर भरून त्यांच्यासमोरून गेले होते आणि घरी येऊन चंद्रावरच्या माणसाला शिव्या घातल्या होत्या.

हो म्हणाले असते तर खपलं असतं. सभा माझ्याच बाजूनं होती, गावाकडची मंडळीही हो म्हणायचीच वाट बघत होती.

"न्हाई," मी म्हणाले. "न्हाई येऊ देत. ते त्या माणसासारखंच हाय. तेबी चूक आन हेबी चूक."

कुणीतरी मागून म्हणालं, "ए पोरी, बस खाली." मी बसले नाही. प्राध्यापकांनीच सभा आवरती घेतली. जाताना ते आबांशी बोलले ते मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोलले. "मुलगी चुणचुणीत आहे. पण भावनेनं विचार करते. हिला सायन्स झेपणार नाही."

घरी येताना आबा माझ्या दहा पावलं पुढं चालत राहिले. त्यांच्या ओळखीच्या माणसांसमोर मी गावाची अब्रू काढली होती, हे मला कळत होतं. त्याचं वाईटही वाटत होतं, पण माघार घ्यावीशी वाटत नव्हती. चूल पेटवता पेटवता मी म्हणाले, "मी डी.एड.ला जाणार न्हाई."

"शब्द दिलाय," आबा म्हणाले.

"तुमी त्यास्नी दिलाय."

"तूबी कबूल म्हणालीस."

ते खरंच होतं. मी भाकरी थापत राहिले आणि रडत राहिले, आणि रडू येतंय ह्याचाच मला जास्त राग येत होता. आबा जेवले आणि पहाऱ्याला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाळी संपवून आले ते खाकी अंगावर तसेच. म्हणाले, "चल. कागदं घे." कुठं, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं आणि डी.एड. म्हणाले असते तर मी रस्त्यातच बसले असते. नाक्यावर आल्यावर डी.एड.च्या विद्यालयाचा रस्ता उजवीकडं जात होता. आबा सरळ चालत राहिले. मी भराभर चालून त्यांच्या बरोबरीला आले.

कॉलेजात सायन्सच्या प्रवेशाच्या टेबलाशी तेच प्राध्यापक बसलेले. त्यांनी आधी मला बघितलं, मग आबांना.

"तुम्ही तर म्हणाला होता, मी सांगेन तसं कराल."

"म्हणालो होतो सायेब," आबा फाटकावर उभे राहतात तसे उभे राहून म्हणाले. "आजवर शब्द मोडला न्हाई. ह्यो मोडतो. तुमास्नी सांगूनच मोडतोय, मागारी न्हाई."

"का पण? काल तुम्हीच ऐकलंत ना, तिचं गणित कसं चुकलं ते?"

"ऐकलं की. चुकलं, तर तिनं तिथंच उभं राहून दुसरं मांडलं. आन विहिरीचं इचारलंत तवा खरं बोलली. मी त्या गावात जलमलो, गावी गेलो की पंचायतीत बसतो, माझ्या तोंडानं कवा निघालं न्हाई ते. पोरगी माझ्या माणसांदेखत बोलली."  आबांना एवढं बोलायची सवय नव्हती. "रातभर फाटकावर तेच डोक्यात व्हतं."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज आता सभेतल्यासारखा नव्हता, पण ते मागंही हटले नाहीत. "हे सगळं ठीक आहे. पण मी खरं सांगतो, ही नापास होईल."

"हुईल की," आबा म्हणाले. "मग पुन्हा बसंल."

पहिल्या वर्षी मी केमिस्ट्रीत नापास झाले. पुन्हा बसले.